खोट्या पट्टीचं घराणं

अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आमच्या पुढ्यात एक चपटी लाकडी पेटी आली. आत निळी मखमल, मखमलीत वस्तूच्याच आकाराचा खळगा आणि त्यात ती पडलेली: लोखंडी, जरा तेलकट, एका टोकाला चोच वासलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं दोन-तीन आकडे खरडले होते. कुणीतरी टाइमपास केला असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. पालघरचं कॉलेज, चौघांत मिळून एक व्हर्नियर, आणि शटल गाठायची घाई. डहाणूपर्यंत लोकल यायला २०१३ साल उजाडलं. आमच्या वेळी शटल चुकली की बोईसर-वाणगावची पोरं फलाटावर ताटकळत बसायची.

सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं. मुख्य पट्टीवरच्या एका भागाची किंमत भागिले व्हर्नियरवरचे एकूण भाग, म्हणजे लघुत्तम माप. उत्तर ०.०१ सेंटिमीटर. ते आम्ही जर्नलात चौकट आखून लिहिलं. पितळी गोळीचा व्यास मागच्या वर्षीच्या जर्नलात होताच, त्यामुळे पाच रीडिंगं अशी बसवली की सरासरी बरोबर तिथंच यावी. मोजलंच नाही असं नाही. मोजलं, पण आलेला आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी जुळेना, म्हणून खोडला. नऊ मिलिमीटरमध्ये दहा भाग का कोंबलेत, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. व्हर्नियर हे एका माणसाचं नाव आहे, हे मला बारावी संपल्यावर कळलं. तोवर मी ते ‘कॉर्नर’सारखं काहीतरी समजत होतो.

खरी गंमत त्या दहा भागांतच आहे. ती सरकती पट्टी मुद्दाम चुकीची आखलेली असते. तिच्यावरचा एक भाग ०.९ मिलिमीटरचा. एखाद्या कापडवाल्यानं असा आखूड गज वापरला तर वजनमापे खात्याचे लोक त्याला उचलतील. पण हीच खोटी पट्टी खऱ्या पट्टीला खेटून ठेवली, की खरीला एकटीला जे कधी दिसलं नसतं ते दोघी मिळून दाखवतात.

केळव्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत बाप आणि मुलगी शेजारी-शेजारी चालली आहेत असं समजा. बापाचं पाऊल पूर्ण, मुलीचं त्याच्या नऊ दशांश. एकाच रेषेवरून निघाली तर मुलगी पावलागणिक थोडी थोडी मागं पडते, आणि बापाच्या नवव्या ठशाशी तिचा दहावा ठसा जुळतो. आता मुलगी बापाच्या जरासं पुढून निघाली, समजा तीन दशांश पाऊल. हे ‘जरासं’ किती, ते सुरुवातीच्या ठशांकडे बघून कुणाला सांगता येणार नाही. पण ठसे बघत पुढं गेलात तर तिचं तिसरं पाऊल बापाच्या तिसऱ्या पावलाच्या अगदी रेषेत पडलेलं सापडेल. तिसरं जुळलं म्हणजे तीन दशांश. चौथं जुळलं असतं तर चार. बारीक अंतर मोजायच्या भानगडीत पडायचंच नाही. कितवी रेघ जुळली तेवढं बोटांवर मोजायचं.

ही युक्ती कुणाला सुचली, याचा माग काढत गेलं की वाट थेट समुद्रात उतरते. पेद्रू नुनेश, जन्म १५०२, पोर्तुगालच्या राजाचा गणिती. त्या काळी भर समुद्रात आपण कुठं आहोत हे सूर्याची नाहीतर ध्रुवाची उंची मोजून ठरवायचं. त्यासाठी पाव वर्तुळाचं पितळी यंत्र असे. आपल्याकडचे ज्योतिषी त्याला तुरीय यंत्र म्हणत. त्याच्या कडेवर अंश आखता येत, पण अंशाच्या पोटातल्या साठ कला आखायला जागाच उरत नसे. आणि एक कला म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे: अक्षांशात एका कलेची चूक झाली की जहाज जवळजवळ १.८५ किलोमीटर इकडचं तिकडं. अर्धा अंश चुकला तर तारापूर समजून माणूस वसईच्या आसपास लागेल.

नुनेशनं १५४२ साली लिस्बनला छापलेल्या, संधिप्रकाशावरच्या लॅटिन ग्रंथात यावर तोड सांगितली. बाहेरचा कंस ९० भागांचा. त्याच्या आत आणखी ४४ कंस, एक ८९ भागांचा, पुढचा ८८चा, असं करत शेवटचा ४६चा. म्हणजे एक खरी पट्टी आणि चव्वेचाळीस खोट्या. दर्शकाची कड एवढ्या गर्दीत कुठल्या ना कुठल्या रेघेवर नेमकी येणारच. समजा ७७ भागांच्या कंसावर तिसाव्या रेघेशी जुळली, तर ३० गुणिले ९० भागिले ७७: साधारण ३५ अंश ४ कला. कागदावर सुरेख. पण पितळेच्या कंसाचे हातानं ८९, ८३, ७९ असे समान भाग पाडायचे कुणी? ८० भाग हवे असले तर निम्म्याचं निम्मं करत बरंचसं अंतर कापता येतं. ७९ला तीही सोय नाही. आकाशाचे वेध घेण्यात ज्याचा हात कुणी धरत नसे त्या टायको ब्राहेनं हा प्रकार करून पाहिला आणि सोडून दिला. यंत्र चाललं नाही, नाव मात्र चाललं. नुनेशचं लॅटिन रूप नोनियस, आणि जर्मन कारागीर आपल्या व्हर्नियर पट्टीला आजही ‘नोनियस’च म्हणतो.

इथं आमचा किनारा गोष्टीत येतो. नुनेशकडे गणित शिकलेला एक दरबारी गृहस्थ, जुआंव द कास्त्रु, १५३८ साली गोव्याला आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आरमाराबरोबर गोव्याहून दीवला निघाला. वाटेतल्या खाड्या, बेटं, उथळ जागा, अक्षांश असं सगळं त्यानं टिपून ठेवलं. वसई नुकतीच, १५३४मध्ये, पोर्तुगीजांच्या ताब्यात आली होती. पुढं माहीम, तारापूर, डहाणू इथं त्यांच्या गढ्या-किल्ले उभे राहिले. या फेरीत वसईच्या बाजूला कास्त्रुला होकायंत्राची सुई भरकटलेली दिसली, आणि त्यानं दोष सुईला दिला नाही, खडकांना दिला. आपला काळा फत्तर लोहयुक्त असतो हे आज शाळेतलं पोरही सांगेल. त्याला ते मोजून कळलं. व्हर्नियरचा पणजोबा आमच्या दारावरून गेला असं लिहायचा मोह होतो, पण तो आवरावा लागतो. नोनियस छापला गेला तो या फेरीनंतर. कास्त्रुजवळ नुनेशचं होतं ते सावलीवरून वेध घ्यायचं दुसरंच एक यंत्र. पणजोबाचा विद्यार्थी गेला, एवढंच खरं. पुढं तो गोव्याचा गव्हर्नर झाला आणि १५४८मध्ये तिथंच वारला. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पाच्या फौजेनं १७३९च्या जानेवारीत घेतला, त्याचे सरदार बाजी भिवराव त्या लढाईत पडले. नोनियसचा एव्हाना पार कायापालट झाला होता.

तो करणारा पिएर व्हर्निये. गाव ऑर्नां, आजच्या फ्रान्सच्या पूर्वेला, पण तेव्हा मुलूख स्पेनच्या राजाचा. हा किल्ल्यांचा इंजिनिअर, ऑर्नांच्या गढीचा अंमलदार. त्याचं पुस्तक ब्रुसेल्सला १६३१ साली निघालं. चव्वेचाळीस खोट्या पट्ट्यांऐवजी त्यानं एकच ठेवली आणि ती हलती केली. बस्स, एवढंच. मोठ्या कंसावर अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या रेघा. त्यातल्या ३१ भागांच्या जागेत सरकत्या तुकड्यावर ३० भाग. फरक पडतो तो एका कलेचा. आपल्या शाळेतली पट्टी नऊचे दहा करते, त्याची एकतिसाचे तीस करायची; खोटेपणाची दिशा तेवढी उलटी. माझ्या मते ह्या सबंध घराण्यात ही खरी अक्कल आहे. नुनेशला कळलं होतं की खोट्या पट्टीनं खरं कळतं. व्हर्नियेला कळलं की एक खोटं पुरतं, फक्त त्याला जागचं हलता आलं पाहिजे.

लोक मात्र शंभरेक वर्षं त्यालाही नोनियसच म्हणत राहिले. अठराव्या शतकात लालांद नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं व्हर्नियेची बाजू लावून धरली आणि निदान फ्रेंच-इंग्रजीत तरी ज्याचं श्रेय त्याला मिळालं. जहाजांवरची सेक्स्टंटं, जमीन मोजायची थिओडोलाइटं, सगळ्यांवर ही पट्टी बसली.

मराठी माणसाचे डोळे असल्या सूक्ष्म पट्ट्यांवर कधी टेकले? मला ठाऊक असलेलं एक जुनं नाव केरो लक्ष्मण छत्रे, केरूनाना. जन्म १८२५चा, अलिबागजवळचं नागाव. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ची, तिथं चुंबकीय नोंदी घ्यायला १८४१पासून सुरुवात झाली, आणि मिसरूड फुटायच्या वयात केरूनाना तिथं प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली लागले. पुढं पुण्याला प्राध्यापक झाले, टिळकांना गणित शिकवलं, ग्रहसाधनांची कोष्टकं रचली. पण मला त्यांचं दिसतं ते रूप निराळं आहे: सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, दिव्याच्या उजेडात डोळा बारीक करून रीडिंग घेतोय. आमच्याच वयाचा. फरक इतकाच की त्याच्या हाताशी मागच्या वर्षीचं जर्नल नव्हतं. पुढं मुंबईच्या ट्राम विजेवर जाणार असं ठरल्यावर सुयांना त्याचा त्रास होईल म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. कास्त्रुच्या सुईची आणि या सुयांची तक्रार एकच, फक्त खडकाच्या जागी वीज आली.

मापाचं हे यंत्र आकाशातून कारखान्यात उतरलं त्याची कथा मी भराभर उरकतो, कारण ती पुष्कळांनी सांगितली आहे. प्रयोगशाळेत व्हर्नियरच्या जोडीला असणाऱ्या स्क्रू गेजची, म्हणजे मायक्रोमीटरची, कुळकथा वेगळी. इंग्लंडच्या गॅस्कॉइननं सतराव्या शतकात दुर्बिणीत बारीक स्क्रू बसवून ग्रहांची रुंदी मोजली. यादवी युद्धात तो १६४४ साली मारला गेला. लंडनच्या मॉडस्लेच्या कारखान्यात टेबलावर एक मायक्रोमीटर असे, त्याचं टोपणनाव ‘लॉर्ड चॅन्सेलर’, कारण मापावरून भांडण लागलं की त्याचा निकाल शेवटचा. पॅरिसच्या पामरनं १८४८मध्ये हातात मावेल असा मायक्रोमीटर केला. आणि अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावी जोसेफ ब्राउननं १८५१मध्ये साध्या कामगाराला परवडेल असा व्हर्नियर कॅलिपर काढला, इंचाचा हजारावा भाग दाखवणारा. का, तर शिलाई मशीन आणि बंदुका मोठ्या संख्येनं बनवायच्या असतील तर इथला स्क्रू तिथं बसला पाहिजे. ज्याचं माप चुकलं तर जहाज खडकावर जायचं, त्याचं माप चुकलं तर आता शिलाई मशीन अडकायला लागलं.

आपल्याकडे तोवर काय चाललं होतं ते भाषेनंच जपून ठेवलंय. ‘तसूभरही ढळला नाही’ म्हणताना आपल्याला अगदी कणभर म्हणायचं असतं. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, जवळजवळ इंचभर. कापड मोजणाऱ्याला तेवढी बारकाई पुरत होती. सुतार त्याच्या पुढं गेला, तो सुतात बोलतो: इंचाला आठ सूत. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, पण बोईसरच्या कुठल्याही फर्निचरवाल्याकडे उभे राहा, प्लायवूड मिलिमीटरमध्ये येतं आणि दरवाजा दोन सूत घासावा लागतो. व्हर्नियरच्या वरच्या कडेला इंचाची पट्टी असते, कॉलेजात तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तिची सावत्र भावंडं अशी सुतारांच्या तोंडी नांदतात.

आमच्या भागात बारीक मापाचं खरं राज्य सुरू झालं ते १९६०च्या दशकात. तारापूरच्या अणुभट्ट्यांचा करार झाला, आणि २८ ऑक्टोबर १९६९ला पहिल्या दोन सुरू झाल्या. आधी मासे, मीठ, चिकू आणि भात माहीत असलेल्या मुलखात ‘मायक्रॉन’ हा शब्द आला. मग एमआयडीसी. पुढं २००५-०६मध्ये ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या, त्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी उठली. त्या गावांच्या जमिनीची मोजणीही कुणीतरी दशांश चिन्हापर्यंत केली असणारच. नव्या भट्टीच्या आतला हिशोब असा: ३९२ आडव्या नळ्या, प्रत्येकीत इंधनाचे १३ गठ्ठे, गठ्ठ्यात ३७ कांड्या. गुणाकार करून पाहा, एका भट्टीत पावणेदोन लाखांच्या वर कांड्या होतात. एकेक कांडी साधारण १३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे कॉलेजात आम्ही जी पितळी गोळी मोजत होतो जवळजवळ तेवढीच. गठ्ठा आणि नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या आसपास. इथं सरासरी मागच्या वर्षीच्या जर्नलावरून बसवता येत नाही.

एमआयडीसीतल्या लेथवर काम शिकलेल्या पोराला हे पहिल्या आठवड्यात कळतं. जॉब प्लस असला तर आणखी एक कट मारता येतो. मायनस गेला की भंगार. म्हणून तो मापाच्या जवळ गेला की दर कटानंतर मशीन थांबवून व्हर्नियर लावतो. माझ्या बरोबरीचे दोघे अकरावीत भौतिकशास्त्रात काठावर पास झाले, आयटीआयला गेले आणि वर्षभरात माझ्यापेक्षा चारपट वेगानं रीडिंग घ्यायला लागले. एमएसआर (मुख्य पट्टीवरचं रीडिंग), सीव्हीडी (व्हर्नियरची जुळलेली रेघ) असली जर्नलातली अक्षरं त्यांच्या तोंडी कधी आली नाहीत.

पण व्हर्नियर का चालतो हे मला समजलं ते चिंचणीच्या मामामुळे. चिंचणी, वरोर, वाढवण ह्या पट्ट्यात घरोघरी डायमेकिंग चालतं: पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याचं नक्षीकाम कोरायचं, मग त्यावर पत्रा दाबून कर्णफूल नाहीतर पेंडंट उठवायचं. वाढवणला होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधात मोर्चे निघाले तेव्हा मच्छीमार आणि बागायतदारांबरोबर डायमेकरही रस्त्यावर होते ते याच पोटासाठी. मामा खिडकीपाशी बसतो, डोळ्याला भिंग, हातात छिन्नी. व्हर्नियर खिळ्याला टांगलेला, ठोकळा विकत घेताना लागतो तेवढाच. मी कॉलेजातलं कौतुक सांगायला गेलो तर म्हणाला, “गोळीच मोजता होय तिथं?” मग त्यानं मला हातातली डाय दाखवली. दोन पाकळ्यांच्या मधली रेघ छिन्नीनं दोन टप्प्यांत मारली होती. “जुळलीय का सांग.” मला जुळलेली दिसली. “नीट बघ. खालची केसभर डावीकडे.” भिंग लावून पाहिलं तर होती. पण पुढच्या खेपेला त्यानं तशीच दुसरी दाखवली तेव्हा मला भिंगाशिवाय कळलं.

डोळ्याचं हे कसब आपल्या सगळ्यांकडे आहे. दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण एका कलेचं अंतर लागतं, त्याहून जवळ आले की ते एक होतात. पण एक रेघ दुसरीच्या पुढं नेमकी आली की बाजूला सरकली, हे डोळा काही विकलांपर्यंत ओळखतो, म्हणजे पाच-दहा पट बारीक. या क्षमतेला शास्त्रात नावच व्हर्नियरचं आहे. मिलिमीटरचा तिसरा दशांश ओळख म्हटलं तर डोळा चाचपडतो. रेघ जुळली का विचारलं तर लगेच सांगतो. व्हर्नियेनं डोळ्याला त्याला न जमणारं काम सांगणं बंद केलं आणि जमणारं दिलं. मामाचं सगळं आयुष्य त्याच एका कामावर गेलंय. त्याला सूत्र ठाऊक नाही, मला सूत्र पाठ होतं.

आता एमआयडीसीत पुष्कळ ठिकाणी डिजिटल कॅलिपर आलेत. जबडा मिटला, बटण दाबलं, काचेवर आकडा. रेघा जुळवायला लागत नाहीत. नकाशा काढणाऱ्याच्या आणि जहाजावरच्या हातातून व्हर्नियर केव्हाच सुटला, कारखान्यातूनही सुटत चाललाय. जो मुक्काम त्यानं सगळ्यांत शेवटी गाठला, अकरावीची प्रयोगशाळा, तिथं तो टिकेल असं दिसतं. बहुतेक अंबाल्याहून येणारा तो स्वस्तातला तुकडा दरवर्षी पेटीतून निघतो, त्याच गोळ्या मोजतो आणि परत पेटीत जातो.

राहिले ते झाकणावरचे आकडे. दुसऱ्या टर्मला सरांनी शून्य त्रुटी शिकवली: जबडे पूर्ण मिटल्यावर दोन्ही शून्यं जुळली पाहिजेत, नाही जुळली तर यंत्राचा दोष आधी मोजायचा, मग वस्तू. आम्ही जबडे मिटवले. व्हर्नियरचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या डावीकडे गेला. वर्षानुवर्षं पोरांनी गोळ्या करकचून आवळल्या, जबडे झिजले, आणि झिजले की शून्य डावीकडेच सरकतो. उणे दोन आली. मी झाकण उलटं करून पाहिलं. सगळ्यांत वर पुसट झालेलं ‘शून्य ठीक’, त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘−१’, त्याखाली ‘−१’च पुन्हा. आमच्यातल्या एकीनं शार्पनरनं पेन्सिलीला टोक काढलं आणि खाली ‘−२’ लिहिलं. मग आम्ही गोळीचं पहिलं रीडिंग घेतलं आणि त्यात दोन मिळवले. ते मागच्या वर्षीच्या जर्नलातल्या आकड्याशी जुळलं नाही, आणि या खेपेला आम्ही ते खोडलंही नाही. शटल मात्र चुकली.